उरुशी आणि माकी-ए पेन: वरचं लॅकर किती टिकतं, कशाने जातं आणि रोज वापरायचं तर काय काय करायचं

जपानी उरुशीचं, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या लॅकरचा थर दिलेलं पेन घेतलेले बरेच लोक ते कपाटात ठेवून देतात आणि लिहायला दुसरंच काहीतरी काढतात, विचारलं तर म्हणणार शाई लागेल, घाम लागेल, रोज हाताळलं की चकाकी जाईल. गंमत अशी की शाई, पाणी, घाम आणि हात या चौघांना उरुशी फारशी भीक घालत नाही. तिचं खरं वैर आहे ऊन, घासणं आणि आपटणं यांच्याशी, आणि लोक नेमकं पेन खिडकीजवळच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवतात. म्हणून हा सगळा प्रपंच.

पेनावर उरुशी आली तीच मुळी संरक्षणासाठी. शंभर वर्षांपूर्वी पेनं एबोनाईटची असायची, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून शिजवलेला कडक माल. तो उजेडात आणि दमटपणात राहिला की काळ्याचा मातकट-हिरवट तपकिरी होतो, आपल्याकडचं एखादं जुनं एबोनाईटचं ड्रॉपर पेन घरात असेल तर काढून बघा, लगेच कळेल. र्‍योसुके नामिकी आणि मासाओ वादा यांनी १९१८ मध्ये काढलेल्या कंपनीने, म्हणजे आजच्या पायलटने, यावर उपाय म्हणून एबोनाईटवर उरुशी चढवली आणि १९२५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, नाव लक्कानाईट. सोन्याची नक्षी (तीच माकी-ए), डनहिल या ब्रिटिश कंपनीबरोबरचा १९३० चा करार, ते सगळं त्याच्या जोडीने आणि नंतर आलं.

उरुशी हा झाडाचा चीक. त्यात उरुशिओल असतं आणि लॅकेज नावाचं एन्झाइम असतं, आणि हे एन्झाइम काम करायला दमट हवा मागतं. त्यामुळे कारागीर रंगवलेलं पेन उन्हात वाळवत नाहीत, उलट २० ते ३० अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता असलेल्या बंद कपाटात ठेवतात. थर सुकत नाही, जुळून येतो असं म्हणा हवं तर, आणि एकदा जुळला की स्पिरिटने, ॲसिडने, गरम पाण्याने सहजी सुटत नाही. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख वेगळी, ती किड्यापासून येते, उष्णतेने वितळते आणि स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे लाखेवरून उरुशीचा अंदाज बांधू नका. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाहून परत येणारं नील नावाचं फ्रेंच जहाज १८७४ मध्ये इझू द्वीपकल्पाजवळ बुडालं होतं, वर्ष-दीड वर्षाने समुद्रातून काही वस्तू वर काढल्या तर त्यातली लॅकरची कामं चांगल्या अवस्थेत निघाली. समुद्राच्या पाण्यात दीड वर्ष! आणि आपण शाईचा थेंब पडला की घाबरतो.

पायरी १: तुमच्या पेनावर नक्की काय आहे ते ओळखा

हे आधी, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून. बाजारात माकी-ए या नावाखाली तीन-चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. खरी हाताने केलेली माकी-ए म्हणजे उरुशीने रेघ काढायची आणि ती ओली असताना वर सोन्या-चांदीची पूड शिंपडायची. दुसरा प्रकार आधुनिक माकी-ए, म्हणजे स्क्रीनने किंवा ट्रान्सफरने छापलेली नक्षी, कधी कधी त्यावर हाताने थोडं काम, प्लॅटिनम वगैरे नामांकित कंपन्याही असली पेनं उघडपणे त्याच नावाने विकतात, त्यात फसवणूक काही नाही, किंमतच सांगते. तिसरा म्हणजे पितळेच्या पेनावर साधा औद्योगिक रंग, ज्याला जाहिरातीत फक्त लॅकर म्हणतात. आणि चौथा काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेला रंग, जपानमध्ये त्याला काशू म्हणतात, उरुशीसारखा दिसतो, स्वस्त पडतो, दमट कपाट लागत नाही. वाईट नाही, पण उरुशीच्या भावाने घेऊ नका.

ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं घड्याळजींचं भिंग घ्या आणि नक्षीतली एक बारीक रेघ बघा, उदाहरणार्थ गवताचं पातं. हाताने काढलेली रेघ टोकाला बारीक सुरू होते, मधे भरते आणि पुन्हा निमुळती होत जाते, आणि कडेशी सोन्याचे कण सुटे सुटे दिसतात, काही मोठे काही लहान, एकीकडे दाट दुसरीकडे विरळ. छापलेल्या रेघेची कड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते, ठिपके असले तर रांगेत असतात, आणि नक्षी उंचावलेली असली तरी उंची सगळीकडे एकच. महागड्या पेनांवर कारागिराची सही आणि बहुतेक वेळा लाल शिक्का असतो, पण नुसत्या सहीवर जाऊ नका, सही छापता येते.

मग आतला माल बघा. एबोनाईट, प्लॅस्टिक रेझिन की पितळ? पायलटच्याच नामिकी ब्रँडचं एम्परर एबोनाईटचं, युकारी पितळेचं, नाकाया या जपानी कंपनीचं एबोनाईटचं, पायलटचं कस्टम ८४५ हेही एबोनाईटवर उरुशी. पितळेवर उरुशी धरावी म्हणून पहिला थर भट्टीत तापवून बसवतात, जपानी चिलखतांवर हीच पद्धत होती, त्यामुळे पकड चांगली असते, पण पेन पडलं तर धातूला पोचा येतो आणि वरचा कडक थर पोच्याबरोबर वाकत नाही, तडकतो. एबोनाईट हलकं असतं, पडलं तर वार कमी बसतो, पण जोरात पडलं तर अख्खं पेनच फुटू शकतं. दोन्हीकडे तोटा आहे, मला विचाराल तर रोजच्या वापराला एबोनाईट.

पायरी २: नक्षीचा प्रकार कळला की कुठे जपायचं ते कळतं

सगळ्यात टिकाऊ तोगिदाशी. यात नक्षी काढल्यावर सगळ्यावर पुन्हा उरुशीचा थर देतात आणि कोळशाने घासत घासत नक्षी वर येईपर्यंत खाली आणतात, शेवटी सगळं एका पातळीत. बोट फिरवलं तर नक्षी कुठे सुरू झाली कळतसुद्धा नाही, त्यामुळे झिजायला काही वर आलेलंच नसतं. रोज खिशाला लावायचं पेन घ्यायचं असेल तर हेच बघा.

हिरा माकी-ए मध्ये (जपानीत हिरा म्हणजे सपाट, रत्न नव्हे) नक्षी किंचित वर असते आणि त्यावर संरक्षणाचा पातळ हात दिलेला असतो. इथे पूड कोणती वापरली त्यावर बरंच ठरतं. गोल कणांची पूड असेल तर ती घासून चकाकवलेली असते आणि चांगली टिकते, पण अतिशय बारीक, मॅट दिसणारी पूड असेल तर ती वारंवार बोट लागून उडायला लागते, आधी सोनं पिवळसर-तपकिरी दिसतं आणि मग खालची रेघच उरते. ताका माकी-ए म्हणजे उंचावलेली, ड्रॅगनच्या खवल्यांसारखी. दिसायला सगळ्यात भारी आणि झिजायला सगळ्यात आधी, कारण टेबल असो की पेन ठेवायची पट्टी, पहिला स्पर्श उंच टोकाला. चिन्किन उलटं, त्यात रेघ कोरून सोनं खाचेत भरतात, म्हणून घासण्यापासून बचाव होतो.

रादेन, म्हणजे शिंपल्याच्या तुकड्यांचं काम, याबद्दल जरा जास्त सांगतो कारण लोक इथेच गाफील असतात. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याला ॲसिड चालत नाही. काळ्या उरुशीवर आयर्न गॉल शाई, जी ॲसिडयुक्त असते, सांडली तरी पुसून मोकळं व्हा, पण रादेनवर तीच शाई तशीच राहिली आणि वरचा उरुशीचा थर कुठे झिजलेला असेल तर शिंपल्याची चकाकी मरते. अंड्याच्या कवचाच्या पांढऱ्या कामालाही हेच लागू. शिवाय प्रत्येक तुकड्याला चार कडा, आणि प्रत्येक कड म्हणजे सुटायची जागा. नखाने कधीही चाचपून बघू नका.

चांदीची पूड काळवंडते, हे नुकसान समजू नका, पण ती परत पांढरी करायला चांदीचं पॉलिश लावलंत तर नक्षी साफ. सोडून द्या.

पायरी ३: नवीन पेन आल्यावर

वास घ्या. उग्र, आंबूस वास येत असेल तर पेन नुकतंच तयार झालंय आणि थर अजून पुरता पिकलेला नाही. उरुशी वापरण्याजोगी झाली तरी पुढे कित्येक महिने घट्ट होत राहते. असं पेन कपाटात, अंधारात, डबी जराशी उघडी ठेवून काही आठवडे राहू द्या, वास गेला की काढा.

आणि अंगावर उठण्याचं काय, तर हो, ते खरं आहे. उरुशीचं झाड, बिब्बा, काजू, आंबा सगळे एकाच कुळातले. ज्यांना बिब्बा उततो किंवा आंब्याच्या चिकाने तोंड येतं, त्यांनी ताज्या पेनापासून जपून राहावं. पूर्ण पिकलेल्या थराने सहसा काही होत नाही, तरी पहिल्या दिवशी थोडंच लिहा आणि दोन-तीन दिवस थांबून बघा, कारण पुरळ लगेच उठत नाही. खाज, फोड आले तर पेन बाजूला आणि सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे, घरगुती लेप नकोत.

मग टॉर्च घ्या, खोलीतला दिवा मालवा, उजेड पेनावर तिरका पाडा आणि पेन हळूहळू फिरवा. सरळ उजेडात न दिसणारे केस-चरे, बुडबुडे, कडेचे टवके सगळे तिरक्या उजेडात सावली पाडतात. टोपणाची ओठासारखी कड, आट्यांची सुरुवात, क्लिपचं मूळ आणि बॅरलचं शेवटचं टोक या चार जागा नीट बघा, कारण उरुशी कडेवर मुळातच पातळ बसते. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे नवा चरा की जुना हा वाद स्वतःशीच घालावा लागत नाही.

पायरी ४: वापरताना

टोपण मागे लावू नका. लावायची सोय असली तरी नका लावू. टोपणाच्या आतली कड बॅरलच्या शेपटीवर रोज त्याच जागी घासते आणि तिथे आधी धुरकट कडं येतं, मग खालचा रंग दिसतो. लॅकरच्या पेनांचं सगळ्यात जास्त दिसणारं नुकसान हेच आणि ते शंभर टक्के टाळता येतं.

शर्टाच्या खिशाला लावायचं असेल तर पेन एकटं लावा, शेजारी दुसरं पेन, मोबाईल, चष्मा नको. क्लिपच्या टोकाखाली कालांतराने एक बारीक ठिपका किंवा रेघ येतेच, ती मान्य करा नाहीतर क्लिप नसलेलं पेन घ्या, पण मग ते टेबलावरून घरंगळतं, आणि सपाट टेबलावरून फरशीवर पडणं हा त्या ठिपक्यापेक्षा फार मोठा प्रकार आहे. क्लिप नसेल तर पेन ठेवायची खाच असलेला लाकडी ठोकळा घ्या किंवा सरळ जाड कापड अंथरा.

अंगठ्या आणि बांगड्या. हिऱ्याच्या अंगठीपुढे उरुशीचं काही चालत नाही, त्या हातात पेन फिरवायची सवय असेल तर अंगठी दुसऱ्या हातात घाला. किल्ल्या, सुटे पैसे यांच्याबरोबर पर्समध्ये टाकणं तर विचारूच नका. टोपण बंद करताना घट्ट आवळायची गरज नसते, आटे बसले की थांबा, कारण आवळून आवळून टोपणाच्या कडेचा टवका उडतो.

बाकी बिनधास्त लिहा. हाताच्या सततच्या स्पर्शाने उरुशीची चकाकी उलट खोल होत जाते, आरशासारखी फिनिश देताना कारागीर शेवटी बारीक पूड आणि तेल लावून बोटानेच घासतात. तामेनुरी पेन असेल, म्हणजे खाली लाल किंवा दुसरा रंग आणि वर मधासारखा पारदर्शक थर, तर काही वर्षांनी ते उजळ दिसायला लागेल आणि कडांवर खालचा रंग जास्त चमकेल. रंग उडाला म्हणून घाबरून तक्रार करणारे भेटतात, तो उडालेला नाही, वरची उरुशी दिवसेंदिवस पारदर्शक होत जाते आणि या पेनांची निम्मी मजा तीच.

पायरी ५: शाई भरणं आणि धुणं

दौतीत बुडवताना निब आणि तिच्याखालची जीभ बुडेल इतकंच, आटे बुडवायचे नाहीत. भरून झालं की आट्यांमधली शाई टिश्यूने टिपा. बाहेरून उरुशी असली तरी आट्यांवर आणि टोपणाच्या आत बऱ्याच पेनांत उघडं एबोनाईट असतं, आणि एबोनाईट रात्रभर पाण्यात भिजत ठेवलं तर रंग बदलतो. म्हणून साध्या पाण्याने, थोडा वेळ, आणि फक्त पुढचा भाग. गरम पाणी बिलकुल नको, उरुशीला ते चालतं पण एबोनाईट गरमीने मऊ पडतं, वाकतं. अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये अख्खं पेन टाकायचं नाही, रादेन असेल तर नक्कीच नाही. सॅनिटायझर लावलेल्या हाताने पेन धरलं तर आभाळ कोसळत नाही, हात वाळू द्या एवढंच.

पुसायला धुवून धुवून मऊ झालेलं सुती फडकं सगळ्यात छान. आधी फुंकर मारून किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा आणि मगच फडकं फिरवा, धूळ फडक्यात सापडली की ती वाळूच, आणि जे धुरकट चरे लोक वापराने आले म्हणतात त्यातले निम्मे अशा पुसण्यातून आलेले असतात. डाग असेल तर फडकं किंचित ओलं करा, लगेच कोरडं फिरवा. टूथपेस्ट, पितळेचं पॉलिश, गाडीचं वॅक्स, फर्निचरचा स्प्रे, यातलं काहीही नको, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो.

पायरी ६: ठेवायचं कुठे

इथे खरा बिब्बा घालतं ते ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी उरुशीचा वरचा थर तुटत जातो, आधी चकाकी कमी होते, मग काळ्यात तपकिरी झाक येते, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. आणि इथून पुढे ती पूर्वीची अभेद्य उरुशी राहत नाही, ज्या पाण्याला तिने दाद दिली नव्हती त्याच पाण्याचे डाग पडतात, बोटांचे ठसे कायमचे बसतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १६४० च्या सुमाराची मॅझरिन चेस्ट नावाची जपानी लॅकरची मोठी पेटी आहे, तिच्या जतनाच्या कामात उजेडाने झालेलं नुकसान हाच एक मोठा विषय होता. म्युझियममध्ये लॅकरच्या दालनात उजेड मंद ठेवतात तो उगाच नाही.

तेव्हा काचेचं शोकेस, खिडकीजवळचं टेबल, गाडीचा डॅशबोर्ड, सगळं बाद. गाडीत तर ऊन, उष्णता आणि कोरडी हवा तिन्ही एकदम. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत पेन विसरू नका एवढंच म्हणेन.

पावसाळ्याची काळजी मात्र लोक उगाच करतात. दमट हवा उरुशीला मानवते, मुंबई-कोकणचा पावसाळा तिला घरच्यासारखा. उलट अगदी कोरडी हवा वाईट, त्यामुळे डबीत सिलिका जेलच्या पुड्या कोंबू नका आणि दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत पेन उघडं ठेवू नका. पावसाळ्यात बुरशी धरते ती चामड्याच्या पाऊचला, कापडाच्या अस्तराला आणि लाकडी डबीला, म्हणून पेन अधूनमधून काढून पुसा, वापरात असेल तर तेही नको.

चांदीचं काम असलेलं पेन रबरबँड, रबरी गादी किंवा उघड्या एबोनाईटच्या पेनाबरोबर एकाच बंद डबीत ठेवू नका, गंधकाने चांदी लवकर काळी पडते. एका खणात दोन पेनं मोकळी ठेवायची नाहीत. मऊ कापडाच्या वेगवेगळ्या पिशव्या शिवून घेतल्या तरी पुरे, महागड्या पेन-रोलची गरज नाही.

पायरी ७: टवका उडालाच तर

तुकडा सापडला तर कागदाच्या पुडीत जपून ठेवा, चिकटवायला जाऊ नका. फेव्हिक्विक तर हातात घेऊच नका, ते कडेतून आत पसरतं आणि मग कारागिराला तो गोंद काढण्यासाठी चांगला थरही खरवडावा लागतो, म्हणजे एक दाण्याएवढी दुरुस्ती बोटभर होते. नेलपॉलिशचंही तेच.

काळ्या किंवा एकरंगी पेनाचा लहान टवका भरून, वर थर देऊन, घासून पुन्हा बेमालूम करता येतो. प्रत्येक थर कागदापेक्षा पातळ, कारण जाड दिला तर उरुशीला सुरकुत्या पडतात, आणि प्रत्येक थर कपाटात पिकायला वेळ घेतो, त्यामुळे काम महिनोन्‌महिने चालतं. तामेनुरीत जुळवणी अवघड, कारण तुमचं पेन काही वर्षं उजळलेलं असतं आणि नवा ठिगळाचा थर गडद दिसतो, तो यथावकाश उजळतो. माकी-ए ची दुरुस्ती म्हणजे ती नक्षी पुन्हा काढणं, ती शक्यतो मूळ कंपनीकडेच. नुसती चकाकी गेली असेल तर कारागीर कच्च्या उरुशीचा अगदी पातळ हात पुसून घेतात आणि पुन्हा घोटतात, त्याने पुष्कळ फरक पडतो, पण उन्हाने खोलवर गेलेला थर तेवढ्याने परत येत नाही.

पाठवायच्या आधी शाई काढून पेन धुवा, फोटो पाठवून अंदाजपत्रक लेखी मागवा, आणि निब बदलणार का, सही असलेला भाग घासणार का, हे स्पष्ट विचारा. जपानमधल्या वाजिमा या लॅकरकामासाठी प्रसिद्ध गावच्या कारागिरांकडे काम जात असेल तर उशीर धरूनच चाला, १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपाने त्या गावातल्या कार्यशाळांचं मोठं नुकसान केलंय.

जुनं पेन विकत घेत असाल तर

विकणाऱ्याकडून चार फोटो जास्तीचे मागा: टोपणाची कड तिरक्या उजेडात, बॅरलची शेपूट, क्लिपखालची जागा क्लिप जरा बाजूला करून, आणि टोपण काढल्यावर आट्यांजवळचा झाकलेला भाग. हा शेवटचा फोटो सगळ्यात बोलका, कारण टोपणाखाली ऊन पोचत नाही. तिथला काळा आणि बॅरलचा काळा शेजारी शेजारी ठेवून बघा, बॅरल तपकिरी आणि कोरडं दिसत असेल तर पेन वर्षानुवर्षं शोकेसमध्ये उभं होतं, कितीही न वापरलेलं असो. त्यापेक्षा शेपटीला चार चरे असलेलं, रोज लिहिलेलं आणि चकाकणारं पेन घ्या, तेही कमी पैशात मिळेल.